राघूची वाटी : पिंजऱ्यातील पोपटाच्या आहार-आरोग्याचा इतिहास

भाताची शेती, तलाव आणि वनराई यांनी समृद्ध असलेल्या गोंदिया परिसरात पोपट हा कोणालाही अपरिचित नाही. धानाच्या बांध्यांवर उतरणारे, मोहाच्या व पळसाच्या फुलांवर तुटून पडणारे पोपटांचे थवे नागझिरा-नवेगावच्या अरण्यात आजही दिसतात. त्याचबरोबर घराच्या ओसरीवर आढ्याला टांगलेला लोखंडी पिंजरा, त्यातील ‘मिठ्ठू’, त्याची पाण्याची लहानशी वाटी आणि गजांत अडकवलेली हिरवी मिरची, हे दृश्यही येथील गावांना व शहरांना पिढ्यान्‌पिढ्या परिचयाचे होते. या पक्ष्यावर घरातील आबालवृद्धांचे प्रेम असे, याविषयी शंका नाही. तथापि, चांगली निगा राखली असता पंचवीस-तीस वर्षे जगू शकणारा हा पक्षी पिंजऱ्यात पुष्कळदा काही वर्षांतच का दगावतो, याचा विचार मात्र क्वचितच झाला. या प्रश्नाचे उत्तर बव्हंशी त्याच्या वाटीत दडलेले आहे आणि त्या वाटीलाही स्वतःचा इतिहास आहे.

प्राचीन काळातील शुक

पोपट पाळण्याची प्रथा भारतात अतिशय जुनी आहे. वात्स्यायनाने चौसष्ट कलांची जी यादी दिली, तीत शुक-सारिकांना बोलावयास शिकविणे ही एक कला गणली आहे. सातव्या शतकातील बाणभट्टाच्या ‘कादंबरी’त तर वैशंपायन नावाचा पोपटच कथा निवेदन करतो. इ. स. पूर्व पाचव्या शतकातील टेसियस या ग्रीक वैद्याने मनुष्यवाणी बोलणाऱ्या भारतीय पक्ष्याचे वर्णन करून ठेवले आहे. आणि मोठ्या आकाराच्या पहाडी पोपटाला पाश्चात्त्यांनी अलेक्झांडरचेच नाव दिले.

पोपट पकडण्याच्या युक्तीचे चित्र मराठी वाङ्मयात ज्ञानेश्वरीत भेटते. दोरीत ओवलेल्या नळीवर पोपट बसतो, त्याच्या भाराने नळी फिरते, तो उलटा लटकतो आणि कोणी धरले नसतानाही आपण बांधले गेलो असे समजून नळी सोडीत नाही. सहाव्या अध्यायात हा दृष्टांत आत्मबंधनासाठी योजला आहे. तेराव्या शतकात पारध्यांची ही रीत सामान्य श्रोत्यांच्या पूर्ण परिचयाची होती, हेही त्यावरून स्पष्ट होते.

पकडण्याच्या इतिहासाला समांतर असा अभयदानाचाही इतिहास आहे. सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात, राज्याभिषेकास २६ वर्षे झाल्यावर अवध्य ठरविलेल्या प्राण्यांची यादी आहे. तिचा आरंभच शुक व सारिका यांनी होतो. विदर्भालाही या परंपरेचा साक्षीदार लाभला आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील देवटेक येथे सापडलेल्या शिलालेखात प्राण्यांना पकडणे व मारणे यांस मनाई करणारी राजाज्ञा असून, महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ती अशोककालीन ठरविली. मारणे आणि पकडणे हे दोन्ही एकाच आज्ञेत निषिद्ध ठरावेत, ही गोष्ट चिंतनीय आहे.

पुढे १५८३ मध्ये आचार्य हीरविजयसूरी आणि बादशहा अकबर यांची फत्तेपूर सिक्री येथे भेट झाली. तिची फलश्रुती म्हणून ठरावीक दिवशी प्राणिहत्या बंद झाली आणि पिंजऱ्यांतील पक्षी मुक्त करण्यात आले. मुंबईत १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई व अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने पांजरापोळ उभी राहिली. दिल्लीच्या लाल मंदिराच्या आवारातील धर्मादाय पक्षी रुग्णालयाच्या कार्याचा प्रारंभ १९२९ चा मानला जातो. जखमी व आजारी पक्ष्यांवर तेथे विनामूल्य उपचार होतात. तेथे आहार शाकाहारीच दिला जातो आणि पोपटासारख्या फल-धान्यभक्षी पक्ष्याच्या बाबतीत तो निसर्गाला धरूनच आहे.

वाटीतील परदेशी पाहुणे

‘पोपटाला काय आवडते?’ असे विचारले असता लहान मूलही ‘पेरू आणि हिरवी मिरची’ असे उत्तर देईल. ही जोडी अनादिकालापासून चालत आली असावी असे वाटते. परंतु वस्तुस्थिती वेगळी आहे. मिरची, पेरू आणि भुईमूग ही तिन्ही मूळची अमेरिका खंडातील असून सोळाव्या शतकापासून, मुख्यतः पोर्तुगीजांच्या दळणवळणातून, ती भारतात रुजली. सूर्यफूलही अमेरिकेतलेच, तेलबियांचे पीक म्हणून रशियन वाणांच्या साहाय्याने त्याची लागवड येथे १९६९ च्या सुमारास सुरू झाली. म्हणजे बाणभट्टाच्या वैशंपायनाने मिरची कधी पाहिलीही नव्हती! त्याच्या काळी जांभूळ, बोर, उंबर, आवळा, डाळिंब आणि शेतातील कणसे हाच शुकाचा आहार होता.

इतकी तिखट मिरची पोपट मिटक्या मारीत कशी खातो, या कोड्याची उकल अगदी अलीकडची आहे. मिरचीतील कॅप्सेसिन हे द्रव्य सस्तन प्राण्यांच्या मज्जातंतूंवरील एका ग्राहीला चेतविते आणि दाह जाणवतो. पक्ष्यांतील तोच ग्राही या द्रव्याला दाद देत नाही, असे डेव्हिड ज्युलियस व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवून दिले. याच ग्राहीच्या शोधासाठी ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. मिरचीला आपले बी दूरवर नेणारे पक्षी हवे असतात, बिया चावून टाकणारे प्राणी नकोत; म्हणून निसर्गाची ही योजना. मिरची पोपटाला अपायकारक नाही. उलट पिकलेल्या लाल मिरचीतून त्याला अ जीवनसत्त्वाचे पूर्वद्रव्य मिळते. मात्र एक मिरची म्हणजे पूर्ण आहार नव्हे.

तांदूळ आणि पक्षी

गोंदियाची ओळख तांदळाचे शहर अशी आहे. राईस मिलमधून निघालेला शुभ्र तांदूळ घरोघरी शिजतो आणि त्यातील चार शिते पिंजऱ्यात पडतात. या शुभ्रतेत काय गमावले जाते, हे मानवाला प्रथम पक्ष्यांनीच शिकविले. जावा बेटावर डच वैद्य ख्रिस्तियान आइकमन यांना १८९० च्या दशकात असे आढळले की, सडलेल्या पांढऱ्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंडा दिल्यावर त्या बऱ्या होतात. माणसातील बेरीबेरीशी या रोगाचे साम्य होते. त्यांचे सहकारी गेरिट ग्राइन्स यांनी १९०१ मध्ये, कोंड्यात एक आवश्यक पोषकद्रव्य असते, असे प्रतिपादन केले. १९१२ मध्ये कासिमिर फुंक यांनी अशा द्रव्यांना ‘व्हायटामिन’ हे नाव दिले आणि १९२६ मध्ये यान्सेन व डोनाथ यांनी कोंड्यातून ब१ जीवनसत्त्व शुद्ध स्वरूपात वेगळे केले. त्यांच्या चाचण्यांतही लहान मुनिया पक्षीच उपयोगात आणले गेले होते. आइकमन यांना १९२९ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. भारतात रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी कुन्नूर येथे कबुतरांवर याच दिशेने अभ्यास केला.

या ज्ञानासाठी असंख्य मूक जीवांनी यातना सोसल्या. त्या ज्ञानाचा लाभ निदान पक्ष्यांना तरी मिळावयास हवा होता. परंतु पिंजऱ्यातील राघूच्या वाटीत पांढरा भातच पडत राहिला.

प्रेमाने दिलेले, पण उणे अन्न

पिंजऱ्यातील पोपटाचे बहुसंख्य आजार उपासमारीचे नसून एकांगी आहाराचे आहेत. सूर्यफुलाचे बी व शेंगदाणे पोपटाला अतिशय प्रिय असतात. सूर्यफुलाच्या गरात निम्म्याच्या आसपास तेल असते. कॅल्शियम व अ जीवनसत्त्व मात्र अत्यल्प. रानातील पोपट दिवसभर उडून ती ऊर्जा खर्च करतो. पिंजऱ्यातील पोपट बसून राहतो, स्थूल होतो, यकृतात चरबी साठते आणि एके दिवशी तो अकस्मात मरून पडतो. घरच्यांना वाटते, दृष्ट लागली.

अ जीवनसत्त्वाचा अभाव हा दुसरा शत्रू. त्यामुळे नाक, तोंड व श्वासमार्गाचे नाजूक अस्तर कोरडे व जाड होते. तोंडात पांढरे चट्टे उठतात, डोळ्याभोवती सूज येते, वारंवार शिंका येतात आणि तळपायाला घट्टे पडून जखमा होतात. कॅल्शियम आणि सूर्यप्रकाश न मिळाल्यास हाडे मऊ होतात, झटके येतात, मादीचे अंडे अडकून तिचा जीव जातो. घरट्यातून काढलेल्या पिलांना केवळ डाळीचे पीठ कालवून भरविल्याने त्यांचे पाय फेंगडे होतात, तेही याच कारणाने. दूध पाजण्याची रीतही चुकीची. कारण दुधातील शर्करा पचविण्याची शक्ती पक्ष्यांत नसते.

पावसाळ्यात या भागातील दमट हवेने शेंगदाणे व धान्याला बुरशी येते. तिच्या बीजकणांमुळे पोपटाच्या फुप्फुसांना व वायुकोशांना असाध्यप्राय रोग जडतो. चहात बुडवलेले बिस्किट, खारे फरसाण, चॉकलेट हे पदार्थ त्याला घातक आहेत. ॲव्होकाडो हे फळ तर प्रत्यक्ष विषच. जस्ताचा मुलामा दिलेल्या तारा कुरतडल्यानेही विषबाधा होते. एकाकी पोपट स्वतःची पिसे उपटू लागतो. या व्याधीचे कारण अनेकदा अन्नाबाहेरचे, म्हणजे कोंडलेपणाचे असते.

पोपटाचा रोग माणसालाही ग्रासू शकतो. १९२९-३० मध्ये दक्षिण अमेरिकेतून निर्यात झालेल्या पोपटांमुळे युरोप-अमेरिकेत ‘पोपटज्वरा’ची साथ पसरली आणि अमेरिकेने पोपटांच्या आयातीवर बंदी घातली. वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासावाटे गेल्याने हा फुप्फुसज्वर होतो. आज त्यावर प्रतिजैविके उपलब्ध आहेत.

यावरील उपाय अवघड नाहीत. भिजविलेले व मोड आलेले कडधान्य, ज्वारी-बाजरीची कणसे, शेवग्याचा पाला, लाल भोपळा, पपई, पिकलेली मिरची, ऋतुमानाप्रमाणे पेरू-जांभूळ, स्वच्छ पाणी आणि सकाळचे कोवळे ऊन एवढ्याने बहुतेक उणिवा भरून निघतात. ज्या घरी कंदमूळ म्हणून गाजर येत नाही, तेथे लाल भोपळा तेच कार्य करतो. बिया मात्र चवीपुरत्याच असाव्यात.

कायदा, करुणा आणि मुक्ती

श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत, त्यांत ‘बंध’ म्हणजे जिवाला कोंडणे-बांधणे आणि ‘अन्नपाननिरोध’ म्हणजे त्याचे अन्नपाणी रोखणे यांचा समावेश आहे. पिंजऱ्यातील पोपटाच्या बाबतीत पहिला अतिचार उघडच आहे. दुसरा मात्र भरलेल्या वाटीआड लपून राहतो. पोट भरूनही देहाला जे हवे ते न मिळणे, हाही एक प्रकारचा निरोधच म्हणावा लागेल.

देशाच्या कायद्यानेही हीच दिशा धरली. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांनंतर भारतीय पोपटांचा व्यापार थांबविण्यात आला. आपल्याकडील साधा पोपट, पहाडी पोपट वा तुईया पकडणे, विकणे किंवा पिंजऱ्यात ठेवणे हा आज गुन्हा आहे.

अशा वेळी दयाळू मनाला दोन गोष्टी सुचतात. एक, बाजारातून पक्षी विकत घेऊन पुण्यदिनी सोडणे. दुसरी, घरच्या पिंजऱ्याचे दार उघडणे. दोन्हींमागील भाव निर्मळ असला तरी परिणाम विपरीत होतात. विकत घेतलेल्या प्रत्येक पक्ष्याच्या मोबदल्यात पारध्याला पुढच्या ढोलीतील पिले काढण्याचे निमित्त मिळते. वर्षानुवर्षे कोंडलेल्या पोपटाचे उडण्याचे स्नायू क्षीण झालेले असतात. त्याला अन्न शोधता येत नाही, मांजर वा शिकरा ओळखता येत नाही. दार उघडताच तो जवळच्या झाडावर बसतो आणि पुष्कळदा दोन दिवसांत मरतो. म्हणून असा पक्षी वनविभागाच्या स्वाधीन करणे हेच योग्य. वनविभागाची १९२६ ही मदतवाहिनी आहे आणि नागपूरच्या सेमिनरी हिल्स येथील वन्यजीव ट्रान्झिट उपचार केंद्रात आजारी व जखमी वन्यजीवांवर उपचार करून, शक्य तेथे, त्यांना पुन्हा निसर्गात सोडले जाते.

नवेगावबांधचा वारसा

या जिल्ह्याच्या भूमीला पक्षिप्रेमाचा एक सुंदर वारसा लाभला आहे. वनाधिकारी व साहित्यिक मारुती चितमपल्ली यांनी नवेगावबांधच्या परिसरात दीर्घकाळ राहून पक्षिजीवनाचे निरीक्षण केले आणि मराठीला पक्षिशास्त्राची समृद्ध शब्दसंपदा दिली. तेराव्या शतकातील जैन पंडित हंसदेव यांचा ‘मृगपक्षिशास्त्र’ हा संस्कृत ग्रंथ मराठीत आणण्याचे श्रेयही त्यांच्याकडे जाते. पशुपक्ष्यांचे प्रकार, स्वभाव, आयुर्मान यांचा विचार करणारा तो ग्रंथ, जीवदयेला निरीक्षणाची जोड हवी याची साक्ष देतो. २०२५ मध्ये चितमपल्ली यांना पद्मश्री सन्मान लाभला आणि त्याच वर्षी १८ जून रोजी त्यांची जीवनयात्रा संपली.

हंसदेवांपासून चितमपल्लींपर्यंतच्या या परंपरेचा बोध एकच आहे : ज्याच्यावर दया करावयाची, त्याचा स्वभाव व गरज आधी जाणून घ्यावी. जे राघू अद्याप पिंजऱ्यात आहेत, त्यांना वनविभागाच्या स्वाधीन होईपर्यंत योग्य अन्न मिळो आणि पुढच्या पिढ्यांना ओसरीवरील पिंजऱ्याऐवजी धानाच्या बांध्यांवरून उडणारा हिरवा थवाच पाहावयास मिळो, हीच सदिच्छा.