फराळाआधीचं कारीट

आश्विनात पाऊस उघडतो, वसईच्या शेतांत भात कापायला येतो आणि विरार स्टेशनाबाहेर पेपरवाल्याच्या फळीवर दिवाळी अंक मांडले जातात. हे दिवस मराठी घरांत फार जुन्या काळापासून वाचनाचे नाहीत. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि ही प्रथा सुरू झाली. त्याआधी दिवाळी होती, फराळ होता, पण ताटाशेजारी उघडा पडलेला अंक नव्हता. पुढे या अंकांमध्ये विनोदाने आपली वेगळी चूल मांडली. ती चूल अजून विझलेली नाही, याचा मला मनापासून अभिमान आहे.

आमच्या घरी नरकचतुर्दशीला अंघोळ झाली की तुळशीपुढे पायाच्या अंगठ्याने कारीट हे छोटं फळ फोडायचं, त्याचा कडू रस जिभेला लावायचा आणि मगच फराळाला बसायचं. आईने हा नियम कधी मोडू दिला नाही. चांगला मराठी विनोद मला नेहमी असाच वाटत आला आहे. आधी जिभेवर कडू येतं, मग गोड लागतं. सोसायटीतल्या बायका “काकू, हसवणारं काहीतरी सांगा” म्हणतात, तेव्हा मी त्यांना हा कडू विनोदही आवर्जून सुचवते.

त्याचं मूळ शोधायला राम गणेश गडकऱ्यांकडे जावं लागतं. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी ‘सुदाम्याचे पोहे’ लिहून मराठीत विनोदी लेखाची वाट पाडली. त्यांचे शिष्य गडकरी ‘बाळकराम’ या नावाने त्याच वाटेने गेले. पण गडकऱ्यांचा सगळ्यात धारदार विनोद मला ‘एकच प्याला’त दिसतो, आणि ते तर मराठी रंगभूमीवरचं सर्वांत रडवणारं नाटक. सुधाकर वकील दारूच्या पायी बुडतो, सिंधू दळण दळून दिवस काढते, आणि त्याच नाटकात तळीराम आपल्या ‘आर्य मदिरा मंडळा’ची सभा भरवतो. दारुडे तिथे देशभक्तांच्या थाटात भाषणं करतात. प्रेक्षक खो-खो हसतात, आणि पुढच्या प्रवेशात त्याच दारूने एक घर मोडताना बघतात. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला वारले, वयाच्या ३३व्या वर्षी. त्यानंतर महिन्याभरात बडोद्याला गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक रंगमंचावर आणलं, सिंधूच्या भूमिकेत बालगंधर्व होते. लेखकाला स्वतःच्या नाटकातलं हसू ऐकायला मिळालं नाही. हे आठवलं की मला तळीरामाचे प्रवेश वाचताना दर वेळी गलबलून येतं.

बडोद्याचंच आणखी एक नाव घ्यायला हवं, चिं. वि. जोशी. पाली भाषेचा हा पंडित, आणि त्याने मराठीला चिमणराव-गुंड्याभाऊ दिले. ते मात्र निखळ गोड. मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी ही जोडी उभी केली, तेव्हा आमच्या चाळीत ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या दारात चपलांचा ढीग लागायचा.

दिवाळी अंकांत विनोदाला स्वतःचं घर खऱ्या अर्थाने १९५१ साली मिळालं. मधुकर पाटकरांनी ‘आवाज’ काढला तो या वर्षी. ‘आवाज’ म्हटलं की खिडकी आलीच. पानाचा एक तुकडा कापलेला असतो. तो बंद असताना चित्रात काहीतरी चावट चाललंय अशी खात्री पटते. खिडकी उघडली की आतला माणूस भलतंच साधं काम करताना दिसतो. पाप चित्रात नसतं, ते बघणाऱ्याच्या मनात आधीच आलेलं असतं. इतक्या थोड्या रेषांत माणसाची पारख करणारी दुसरी युक्ती माझ्या पाहण्यात नाही. अनेक घरांत हा अंक मुलांच्या हाती लागू नये म्हणून कपाटावर ठेवत. बायकांच्या डब्यात मात्र तो उघड फिरे. मी नोकरीच्या वर्षांत विरारहून चर्चगेटला जायचे. दिवाळीच्या सुमाराला डब्यात कुणी गवार निवडत असे, कुणी खिडक्या उघडत असे, आणि एखादीचं हसू नालासोपारा ते भाईंदर डबाभर पसरत जाई.

त्याच काळात अनंत अंतरकरांचे ‘हंस’, ‘मोहिनी’, ‘नवल’ होते, त्यांच्या मुखपृष्ठांवर शि. द. फडणीसांची शब्दांवाचून बोलणारी हास्यचित्रं होती. वसंत सरवट्यांची रेघ मला अधिक जवळची. ‘बटाट्याची चाळ’मध्ये पु. ल. देशपांड्यांचे शब्द जिथे थांबतात तिथे सरवट्यांची माणसं पुढे बोलतात.

चाळ आमच्या या भागाच्या इतिहासात फार मोलाची आहे. विरारहून मुंबईत बॅकबेपर्यंत आगगाडी १८६७ सालीच सुरू झाली, पण वसई, नालासोपारा, विरार भरले ते पुष्कळ नंतर. गिरगावात जागा पुरेना, १९८२च्या संपानंतर गिरणगाव खचलं, आणि लालबाग-परळची कुटुंबं रेल्वेच्या रुळांच्या कडेकडेने उत्तरेला सरकली. ती येताना देव्हारा आणि पितळेची भांडी घेऊन आली, तसे जुने दिवाळी अंकही घेऊन आली. इथल्या कित्येक माळ्यांवर अजून ते गठ्ठे आहेत. म्हणून १९५८ साली आलेलं ‘बटाट्याची चाळ’ मी इथल्या लोकांना पुन्हा वाचायला सांगते. ‘उपास’ सगळ्यांना पाठ असतो. मी सांगते, शेवटचं ‘एक चिंतन’ वाचा. साठ बिऱ्हाडांची सगळी गंमत तिथे थांबते आणि जे मोडून गेलं त्याचं दुःख उरतं. नवा ब्लॉक घेऊन इथे आलेल्या माणसाला ते वाचताना आपलीच गोष्ट भेटते. त्याच्या शेजारी जयंत पवारांचं ‘अधांतर’ ठेवा. गिरणी बंद पडलेल्या घरातली भावंडं एकमेकांना टोमणे मारतात, आपण हसतो, आणि घास घशात अडकतो.

आता सगळ्यात काळ्या विनोदाकडे येते. सतीश आळेकरांचं ‘महानिर्वाण’ १९७४ साली पुण्यात थिएटर अकादमीने केलं. भाऊराव मेलेत, आणि आपल्याच मरणाचं कीर्तन स्वतः उभं राहून करतायत. चंद्रकांत काळे भाऊराव होते, आळेकर स्वतः मुलगा नाना. भाऊरावांना जुन्याच स्मशानात जळायचंय, ते तर बंद झालंय. प्रेत घरात अडकतं, चाळकरी येतात-जातात, अभंगांच्या चालीत व्यवहार बोलले जातात. मरणाच्या घरात माणसं काय काय बोलतात हे ज्याने ऐकलंय, त्याला यातलं एकही वाक्य खोटं वाटणार नाही.

वसईत हे नाटक वाचायला एक खास वेळ आहे. २ नोव्हेंबरला ऑल सोल्स डे असतो. पापडी, गिरीज, नंदाखाल इथल्या कबरी धुऊन पुसून फुलांनी सजतात, मेणबत्त्या लागतात. कित्येक वर्षी शेजारच्याच आळीत आकाशकंदील लागलेले असतात. आपल्या गेलेल्या माणसांशी इतक्या सहज बोलणारी ही जागा आहे, भाऊराव इथे परका वाटत नाही.

ज्यांना वाचायला वेळ नाही त्यांनी कुंदन शाह यांचा १९८३ सालचा ‘जाने भी दो यारों’ बघावा. बिल्डर, लाच, पडलेला पूल, आणि गावभर फिरवलं जाणारं आयुक्ताचं प्रेत. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्यासोबतची माणसं हरित वसईसाठी ज्या ताकदींशी भांडली, त्यांची जात या सिनेमात ओळखू येते. टँकरच्या पाण्यावर राहणाऱ्या इथल्या घरांनी तो मुलांना बसवून दाखवावा, आणि पडद्यावर महाभारताचा प्रवेश चालू असताना कोण कशाला हसतंय ते बघावं.

लायब्ररीत दिवाळी अंकांची वर्गणी भरली की अंक फाल्गुनापर्यंत आलटून पालटून मिळत राहतात. तेव्हा घाई करू नका. दिवाळीच्या चार दिवसांत ‘आवाज’ आणि चिमणराव घ्या. कार्तिकात निर्मळची जत्रा उरकली, पाहुणे गेले, घर जरा रिकामं झालं की ‘एकच प्याला’ काढा, आणि ‘महानिर्वाण’ दोघा-तिघांत भूमिका वाटून मोठ्याने वाचा. भाऊरावांचं काम ज्याला थोडंफार गाता येतं त्यालाच द्या.