हरिहरेश्वरची प्रदक्षिणा

देवाला प्रदक्षिणा घालण्यास एरवीं घटकाभरही लागत नाहीं. परंतु रायगड जिल्ह्यांत, श्रीवर्धनच्या दक्षिणेस, एक देवस्थान असें आहे कीं, तेथें देवळाभोंवतीं नव्हे तर देवळाजवळच्या डोंगराला वळसा घालून यावें लागतें; आणि ही वाट केव्हां मोकळी व्हावयाची, हें पुजारी ठरवीत नाहीं, समुद्र ठरवितो. तें स्थान म्हणजे हरिहरेश्वर.

देवळापासून वाट प्रथम टेकडीवर चढते. मग दोन उभ्या कातळांमधील अरुंद घळींतून पायऱ्या खालीं उतरतात, त्या थेट लाटांच्या पुढ्यांत. तेथून प्रदक्षिणेच्या नियमाप्रमाणें कडा उजव्या हाताला ठेवून, सपाट खडकावरून चालत, यात्रेकरू देवळाजवळच्या पुळणीवर येतो. हा काळा कातळ सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याचा. आमच्या पाटसच्या माळावर नांगराला अडतो तो याच जातीचा. येथें मात्र खाऱ्या पाण्यानें त्यास मधाच्या पोळ्यासारखीं छिद्रें पाडलीं आहेत, आणि लाटांनीं कड्याचा पायथा कापून चालण्याजोगा ओटा केला आहे.

या स्थानाचा देशावरील इतिहासाशीं निकट संबंध आहे. हरिहरेश्वर हें पेशव्यांच्या भट घराण्याचें कुलदैवत. श्रीवर्धनची देशमुखी या घराण्याकडे होती. पण जंजिऱ्याच्या सिद्दीशीं बिनसल्यामुळें बाळाजी विश्वनाथास कोकण सोडून घाट चढावा लागला. १७१३ सालीं शाहू महाराजांनीं त्यास मांजरी येथें पेशवाईचीं वस्त्रें दिलीं. पुण्याहून पाटसकडे येतांना हें गांव लागतें. १७१९ सालीं दिल्लीहून चौथाईच्या व सरदेशमुखीच्या सनदा आल्या, आणि १७५८ सालीं मराठी फौजा अटकेपर्यंत पोहोंचल्या.

कुलदैवताच्या किनाऱ्यावर मात्र निराळें घडलें. १७३३ सालीं पहिल्या बाजीरावानें सिद्दीवर मोहीम केली. रायगड परत मिळाला, जंजिरा मिळाला नाहीं. घोडदळानें किनारा घेतां येतो, बेट घेण्यास आरमार लागतें. तें आरमार आंग्र्यांचें होतें. पण १७५६ सालीं नानासाहेबांनीं तुळाजी आंग्र्यावर इंग्रजांचें साहाय्य घेतलें, व विजयदुर्गाच्या बंदरांत तुळाजीचीं गलबतें जळून गेलीं. त्याच वर्षींच्या तहानें बाणकोट इंग्रजांस मिळालें. हें बाणकोट हरिहरेश्वरच्या समोरच, सावित्रीच्या मुखापलीकडे आहे. कुलदैवताच्या दारांतच परक्याचें ठाणें बसलें, आणि साठ-बासष्ट वर्षांत त्याच परक्यानें शनिवारवाड्यावर निशाण लाविलें. जंजिरा संस्थान १९४८ सालीं विलीन झालें, तेव्हांही श्रीवर्धन त्यांतच होतें. समुद्राकडे पाठ केल्याची किंमत काय पडते, हें समजावून घेण्यास याहून योग्य जागा मला माहीत नाहीं.

आतां थोडें व्यवहाराचें. पाऊणकी पाठ असलेल्यास कोकणपट्टीवरील भरतीचें ठोकळ गणित सोपें आहे. पक्षाची तिथि घ्यावी व तिची पाऊणपट करावी; तितक्या वाजतां भरती पुरी होते. चतुर्थीस तीन वाजतां, अष्टमीस सहा वाजतां. पुढें सहा तासांनीं ओहोटी. म्हणजे अष्टमीस भर दुपारीं खडक उघडा असतो, व अमावास्येस आणि पौर्णिमेस त्याच वेळीं तेथें भरती असते, तीही उधाणाची. पावसाळ्यांत तर कोणतेंच गणित मानूं नये. गुळगुळीत खडकावर, लाटेकडे पाठ करून उभीं राहिलेलीं माणसें ओढून नेल्याच्या दुर्घटना येथें घडल्या आहेत. यास्तव गणित केलें असलें तरी स्थानिक माणसास विचारल्याविना पायऱ्या उतरूं नयेत. आणि त्यानें थांबा म्हटलें, तर मुकाट्यानें पुळणीवर बसून ओहोटीची वाट पाहावी. तेवढ्या वेळांत मुलांना बाणकोटची दिशा दाखवून १७५६ सालची हकीकत सांगतां येईल.