तोलाचें इंद्रिय

अंगणांत फुगडी घालणाऱ्या दोघी मुली हात सोडून थांबल्या, म्हणजे त्यांचे पाय स्थिर होतात. पण अंगण मात्र कांहीं क्षण त्यांच्याभोंवतीं फिरतच राहतें. हा अनुभव बाळपणीं ज्याला आला नाहीं असा मनुष्य विरळाच. परंतु हें कोणत्या इंद्रियाचें कर्तृत्व, असें विचारलें तर कोणी डोळ्यांकडे बोट दाखवील, कोणी डोक्याकडे. कानाकडे सहसा कोणी दाखविणार नाहीं. विद्वानांनींही दोन हजार वर्षें तें दाखविलें नव्हतें, आणि त्या अज्ञानाची किंमत कित्येक रोग्यांनीं अक्षरशः आपल्या रक्तानें दिली. तो इतिहास थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

आपल्याकडील नैयायिकांनीं कर्णविवरांत सामावलेल्या आकाशासच श्रोत्रेंद्रिय मानिलें. ग्रीक पंडितांनीं कानाच्या आंत कोंडलेल्या हवेकडे तें काम सोंपविलें. दोघांचेंही एका गोष्टीविषयीं एकमत होतें : कान म्हणजे ऐकण्याचें साधन, दुसरें कांहीं नाहीं. पुढें सोळाव्या शतकांत इटलींतील शरीरशास्त्रज्ञांनीं कानशिलाचें कठीण हाड फोडून पाहिलें, तेव्हां आंत गोगलगायीच्या शंखासारखें एक वेटोळें आणि त्याला लागून तीन वांकलेल्या नलिका दिसल्या. खोलीच्या कोपऱ्यांत दोन भिंती व जमीन जशा एकमेकींशीं काटकोन करितात, तशाच या तीन नलिका तीन दिशांना असतात. इ. स. १७६० च्या सुमारास नेपल्स येथील कोतुन्यो यानें या पोकळींत हवा नसून द्रव आहे असें दाखवून दिलें. तरीही नलिकांचें प्रयोजन काय, या प्रश्नाचें उत्तर ठरल्यासारखेंच होतें : ध्वनि कोणत्या दिशेनें आला हें त्या सांगत असाव्यात, असें कित्येकांस वाटे.

इ. स. १८२४ च्या सुमारास पॅरिसमध्यें पिएर फ्लूरांस यानें कबुतरांच्या कानांतील एकेक नलिका कापून पाहिली. आडवी नलिका कापतांच पांखराचें डोकें डावी-उजवीकडे एकसारखें हलूं लागलें व तें स्वतःभोंवतीं गिरक्या घेऊं लागलें. उभी नलिका कापतांच तें कोलांट्या खाऊं लागलें. नलिका ज्या दिशेची, गतीही त्याच दिशेची. आणि नवल हें कीं, अशा कबुतरास ऐकूं मात्र येत होतें! प्रयोग स्पष्ट होता. पण त्याचा अर्थ खुद्द फ्लूरांसलाही पुरता उमगला नाहीं. तोलाचें म्हणून एक स्वतंत्र इंद्रिय असूं शकेल, ही कल्पनाच त्या वेळच्या विचारांत नव्हती. आणि ज्या वस्तूला नांव नाहीं तिच्यासाठीं पुरावा समोर आला तरी तो ठेवावा कोठें, हा प्रश्न पडतो.

हा पुरावा उचलला तो एका वैद्यानें. प्रॉस्पर मेनिएर हा पॅरिस येथील बहिऱ्यामुक्यांच्या संस्थेचा वैद्य होता. एकाएकीं भोवळ येऊन कोसळणारे, घामाघूम होऊन ओकणारे रोगी त्या काळीं सर्वत्र आढळत. मेंदूंत रक्त चढलें असें निदान होई, आणि मग नसा उघडणें, जळवा लावणें, रेचकें देणें हे उपाय होत. आधींच अशक्त झालेला रोगी या उपायांनीं अधिकच खंगे. मेनिएर यानें अशा रोग्यांना नीट विचारपूस केली, तेव्हां भोवळीबरोबर त्यांच्या कानांत नाद होतो आणि हळूहळू बहिरेपणा येतो, असें त्याला आढळून आलें. मेंदूच बिघडला असता तर पक्षघात कां होत नाहीं? दोन झटक्यांच्या मधल्या काळांत हे लोक ठणठणीत कसे असतात? ता. ८ जानेवारी १८६१ रोजीं वैद्यक अकादमीपुढें त्यानें आपला निबंध वाचला. त्यांत एका तरुण मुलीची हकीकत होती. थंडीच्या रात्रीं गाडीच्या टपावर बसून प्रवास केल्यावर ती एकाएकीं ठार बहिरी झाली, तिला सारखी भोवळ येऊं लागली, व पांचव्या दिवशीं ती वारली. शवविच्छेदनांत मेंदू निर्दोष निघाला. कानांतील नलिकांत मात्र रक्तमिश्रित द्रव होता. त्या मुलीचा रोग मेनिएरच्या इतर रोग्यांहून निराळाच असावा, असें आजचे वैद्य मानतात. पण बोट मात्र योग्य जागीं पडलें होतें. अकादमीनें निबंधाची फारशी दखल घेतली नाहीं. पुढल्याच वर्षीं, फेब्रुवारी १८६२ मध्यें, मेनिएर वारला. आज त्या रोगाला त्याचेंच नांव आहे. तें पाहण्यास तो राहिला नाहीं.

यानंतर मात्र चक्रें भराभर फिरलीं. इ. स. १८७० त गोल्ट्झ यानें या नलिका म्हणजे तोलाचें इंद्रिय होय असें स्पष्ट म्हटलें. आणि १८७३ ते १८७५ या काळांत प्रागचा माख, व्हिएन्नाचा ब्रॉयर व एडिंबरोचा क्रम ब्राउन हे तिघे एकमेकांपासून स्वतंत्रपणें एकाच निष्कर्षाला पोंचले. डोकें फिरूं लागलें कीं नलिका फिरते, पण आंतला द्रव क्षणभर मागें राहतो. फिरणें चालू राहिलें कीं तोही बरोबर फिरूं लागतो. आणि आपण थांबलों तरी तो लगेच थांबत नाहीं. त्या द्रवानें एक मऊ पडदा वांकतो, त्यांत रुतलेले सूक्ष्म केस कलतात, आणि मेंदूला खोटी वर्दी मिळते कीं, तूं अजून फिरतो आहेस. फुगडीनंतरचें फिरतें अंगण तें हेंच. शेजारच्या शंखांतही अशाच केसाळ पेशी आहेत. तेथें त्यांना ध्वनीच्या लाटा हालवितात. एकाच घरांत दोन बिऱ्हाडें आणि दोघांचा धंदा एकच, द्रवाची हालचाल ओळखण्याचा. म्हणूनच घराला आग लागली तर पुष्कळदां दोघांनाही झळ लागते.

याची साक्ष अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यानें १८८२ त मिळविली. गरगर फिरविलें असतां ५१९ बहिऱ्यामुक्यांपैकीं १८६ जणांना मुळींच भोवळ आली नाहीं. हार्वर्डच्या सुमारें २०० विद्यार्थी व शिक्षकांत असा एकच निघाला. त्या बहिऱ्यांपैकीं कांहीं जणांना पाण्यांत बुडी मारल्यावर वर कोणतें नि खालीं कोणतें हेंच कळेनासें होई.

व्हिएन्नाचा रॉबर्ट बाराणी हा रोग्यांचे कान धूत असे. पाणी थंड असलें कीं त्यांना भोवळ येई; एकानें तक्रार केली म्हणून पाणी ऊन केलें, तर फारच ऊन झालें आणि भोवळ आलीच, पण डोळे उलट दिशेनें झटके देऊं लागले! बाराणीला घरचा न्हाणीचा बंब आठवला : वरचें पाणी ऊन, खालचें गार. कानांतला द्रवही तसाच चढत-उतरत असला पाहिजे. (१९८३ सालीं अंतराळयानांत, जेथें ऊन-गार पाण्याचें चढणें-उतरणें होत नाहीं तेथेंही, डोळ्यांचे झटके दिसून आले, तेव्हां बंबाची उपमा अपुरी ठरली. कसोटी मात्र आजही वापरांत आहे.) या कामासाठीं त्याला १९१४ चें नोबेल पारितोषिक मिळालें, ती वार्ता त्याला मध्य आशियांतील मर्व येथें, रशियाचा युद्धकैदी असतांना कळली. स्वीडनच्या राजपुत्र कार्लच्या मध्यस्थीनें १९१६ त सुटका झाल्यावर त्यानें तें पारितोषिक स्वीकारिलें.

इ. स. १९५२ त एका अमेरिकन डॉक्टरानें नांव न देतां आपली हकीकत लिहिली. क्षयावर दिलेल्या स्ट्रेप्टोमायसीननें त्याचें तोलाचें इंद्रिय नष्ट झालें होतें. पुस्तक वाचतांना नाडीच्या प्रत्येक ठोक्यासरशीं अक्षरें उडत. तीं स्थिर करण्यासाठीं तो खाटेच्या दोन गजांमध्यें डोकें घट्ट धरून वाची. हा लेख वाचणारांचीं अक्षरें या क्षणीं स्थिर आहेत, तीं कानाच्या कृपेनें. डोळा काय करितो हें आपल्याला कळतें, कारण तो मिटतां येतो. हें इंद्रिय मिटतां येत नाहीं, म्हणून त्याची ओळख तें गमावलेल्यांकडूनच आपणांस करून घ्यावी लागली. भोवळीची तक्रार घेऊन कोणी आला असतां त्याच्या डोक्यावर शंका घेण्यापूर्वीं त्याच्या कानाची चौकशी करावी, एवढा शहाणपणा शिकण्यास रोग्याचें ऐकून घेणारा एक वैद्य लागला, हें आम्हांस या इतिहासांतील सर्वांत लक्षांत ठेवण्याजोगें वाटतें.