कापसाचा धागा, कार्बनचा धागा आणि न दिसणारी जखम

#थ्रेड

१/१२
वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यातील अल्लीपूर हे कापसाच्या मुलखातले गाव. मे महिन्यात या भागात पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो आणि पावसाळा लागला की हवा ओलाव्याने जड होते. याच ऊन आणि ओलीने विसाव्या शतकातील विमान-अभियंत्यांपुढे एक कठीण प्रश्न उभा केला. त्या प्रश्नाचा हा इतिहास. त्याची सुरुवात कापसापासूनच होते.

२/१२
एकोणिसाव्या शतकात ‘हिंगणघाट’ हे नाव इंग्लंडच्या बाजारात कापसाचा एक प्रकार म्हणून परिचित होते. त्याच शतकात, १८७९ मध्ये, अमेरिकेत थॉमस एडिसन यांनी शिवणाचा सुती दोरा भाजून त्याचा कोळसा केला आणि तो विजेच्या दिव्यात बसवला. कापसाच्या धाग्यातून कार्बनचा धागा निघतो, हे तेव्हाच दिसून आले. मात्र तो धागा ठिसूळ होता. प्रकाश देण्यापुरताच त्याचा उपयोग.

३/१२
बळकट कार्बन तंतूसाठी आणखी जवळजवळ ८० वर्षे जावी लागली. १९५८ मध्ये अमेरिकेतील युनियन कार्बाइडच्या प्रयोगशाळेत रॉजर बेकन यांना असाधारण ताकदीचे ग्राफाइटचे तंतू मिळाले. आरंभीचे व्यापारी तंतू रेयॉनपासून, म्हणजे कापसात असते त्याच सेल्युलोजपासून, बनत. पुढे जपानचे अकिओ शिंदो आणि इंग्लंडमधील फार्नबरोचे संशोधक यांनी ॲक्रिलिक तंतूपासून अधिक सरस कार्बन फायबर तयार केले.

४/१२
तंतू कितीही बळकट असला तरी तो शेवटी धागाच. ओढ सोसतो, दाबले की वाकतो. म्हणून तंतूंचे थर इपॉक्सी राळेत भिजवून, एकावर एक रचून, उष्णता व दाब देऊन घट्ट करतात. हेच कंपोझिट. यात तंतू भार वाहतो आणि राळ त्याला सरळ धरून ठेवते. पुढच्या साऱ्या अडचणी तंतूच्या नव्हत्या, या राळेच्या होत्या.

५/१२
पहिला धडा आघाताचा. रोल्स-रॉइस कंपनीने आरबी-२११ या जेट इंजिनासाठी ‘हायफिल’ नावाच्या कार्बन कंपोझिटची पंख्याची पाती योजली होती. १९७० मध्ये पक्षी आदळण्याच्या चाचणीत ती टिकली नाहीत आणि टायटॅनियमकडे वळावे लागले. या इंजिनाच्या वाढत्या खर्चाखाली कंपनी ४ फेब्रुवारी १९७१ रोजी दिवाळखोरीत गेली. पाती फुटली ती चाचणीत, प्रवाशांना घेऊन उडताना नव्हे, एवढेच समाधान.

६/१२
दुसरा धडा अधिक फसवा होता. धातूवर हातोडी पडली की पोचा दिसतो. कंपोझिटचा पृष्ठभाग मात्र पुष्कळदा पूर्ववत होतो आणि आतले थर एकमेकांपासून सुटतात. हातातून निसटलेले अवजार, धावपट्टीवरचा खडा किंवा गार एवढ्यासाठी पुरेशी असते. ओढ सोसण्याची ताकद त्याने फारशी घटत नाही. दाब आला की मात्र सुटे झालेले पातळ थर बाहेर फुगतात, आणि दाब सोसण्याची ताकद निम्म्यावरही येऊ शकते.

७/१२
आता ओल. कार्बन तंतू पाणी शोषत नाही, पण राळ शोषते. दमट हवेत राहिलेल्या कंपोझिटमध्ये वजनाच्या साधारण १ ते १.५ टक्के पाणी मुरू शकते. ही क्रिया अतिशय संथ असते, जाड भागात वर्षानुवर्षे चालते. उष्णता वाढली की तिचा वेग वाढतो. आघाताने पडलेल्या भेगा पाण्याला आतली वाट मोकळी करून देतात.

८/१२
मग ऊन. इपॉक्सी राळ एका ठरावीक तापमानापर्यंत कडक राहते, त्यापुढे मऊ पडते. पाणी मुरले की ही मर्यादा कित्येक अंशांनी खाली येते. भर दुपारी धावपट्टीवर उभ्या विमानाचा पृष्ठभाग हवेपेक्षा बराच जास्त तापतो, आणि रंग गडद असेल तर आणखी. कंपोझिट विमानांना बहुधा फिकट रंग देण्यामागे हेही एक कारण आहे.

९/१२
हे प्रयोगशाळेत कळले, पण प्रत्यक्ष उड्डाणात काय होते? १९७३ पासून नासाने बोइंग ७३७ विमानांवर कार्बन-इपॉक्सीचे १०८ स्पॉयलर, म्हणजे पंखावरच्या उघडझाप होणाऱ्या झडपा, बसवून त्या निरनिराळ्या हवामानांत वर्षानुवर्षे वापरल्या. ठरावीक काळाने काही काढून तपासल्या जात. ओल मुरली होती, तरी बहुतेकांची ताकद टिकून होती. मोठा त्रास झाला तो जोडलेल्या ॲल्युमिनियमच्या गंजाने.

१०/१२
म्हणजे ओल एकटी घातक नव्हती. प्रश्न होता आघात, ओल आणि ऊन एकाच वेळी आल्यावर काय, हा. येथे एक विसंगती दिसते. ओली राळ काहीशी मवाळ होते, त्यामुळे थर सुटण्याची भेग कधी कधी उलट सावकाश पसरते. पण हाच मवाळपणा तंतूंचा आधार काढून घेतो. सुटलेल्या थरांवर दाब आला की ते लवकर वाकतात. म्हणून कोरड्या, थंड नमुन्यावरची चाचणी येथे पुरेशी ठरत नाही.

११/१२
या अनुभवातून नियम घडले. अमेरिकी विमान-प्रशासनाने कंपोझिट रचनांसाठी १९७८ मध्ये मार्गदर्शिका काढली, आणि १९८४ व २००९ मध्ये ती सुधारली. तिच्या मुळाशी एक साधे तत्त्व आहे: नजरेतून सुटेल एवढी इजा विमानात आहेच असे आधीपासून धरावे, आणि ओल व उष्णतेची सर्वात वाईट स्थिती गृहीत धरूनही रचनेने अपेक्षित कमाल भाराच्या दीडपट भार पेलावा. म्हणूनच नमुन्यांवर मुद्दाम आघात करून, त्यांत ओल मुरवून, ते तापवून तपासतात.

१२/१२
वजनाने सुमारे निम्मे कंपोझिट असलेले बोइंग ७८७ एअर इंडियाकडे २०१२ मध्ये आले. नागपूरच्या मिहानमध्ये त्याच्या जमिनीखालच्या कंपोझिट तुळया बनल्या आणि २०१५ पासून तेथे विमानांची देखभालही सुरू झाली. ऊन तेच, पावसाळाही तोच. माठ घेताना बोटाने वाजवून पाहतात, तसाच कंपोझिटचा पातळ भाग टकटक करून ऐकतात. बद्द आवाज आला तर आत थर सुटल्याची शंका घेतात. जाड भागासाठी अल्ट्रासाउंड लागते. दुरुस्तीपूर्वी तो भाग कोरडा करावा लागतो, नाहीतर मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन नवा जोडच पोकळ राहतो. एडिसनच्या कोळशाच्या दोऱ्यापासून इथवर धागा पुष्कळ बळकट झाला, पण भरवसा ठेवला जातो तो जखम आहे असे मानून केलेल्या तपासणीवर.

(समाप्त)