मुंबई इलाख्यांतील हायस्कुलांचा पट आणि निकाल

जुन्या कागदांचा शोध करणारांची दृष्टि सनदा, महजर, शकावल्या आणि करीने यांवर खिळलेली असते, आणि तें स्वाभाविकहि आहे. शाळेचें जनरल रजिस्टर मात्र कोणी रुमालांत बांधून ठेवीत नाहीं. तें रद्दींत तरी जातें, किंवा कसर लागून माळ्यावर आपोआप नाहींसें होतें. वस्तुतः एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील समाजस्थिति समजण्यास याहून विश्वसनीय साधन थोडेंच सांपडेल. प्रस्तुत लेखांत त्या काळच्या मुंबई इलाख्यांतील हायस्कुलांत कोण शिकत होते, आणि त्या शाळांच्या निकालांचा अर्थ कसा लावावा, एवढाच विषय आम्हीं घेतला आहे. आमचें आयुष्य शाळामास्तरकींत गेल्यामुळें निकालाच्या टक्क्यांविषयीं इतर लोकांइतका आदर आम्हांस राहिलेला नाहीं, हें आरंभींच सांगून टाकणें बरें.

सन १८५४ चा वुडसाहेबाचा खलिता, पुढच्या वर्षीं स्थापन झालेलें विद्याखातें, १८५७ सालचें विद्यापीठ आणि १८५९ ची पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा, हा क्रम वाचकांच्या परिचयाचा आहे. त्याचा विस्तार येथें करीत नाहीं. मॅट्रिकची परीक्षा सुरू झाल्यापासून जिल्ह्याच्या मुख्य गांवच्या सरकारी हायस्कुलाची योग्यता किती मुलें त्या परीक्षेंत उतरलीं यावरून ठरूं लागली. पुढें संस्कृतांत पहिल्या येणारास जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति मिळूं लागली, तेव्हां ती कोणत्या शाळेनें पटकावली याचीहि गणना होऊं लागली. आम्ही संस्कृताचे अभ्यासक असल्यामुळें या शिष्यवृत्तीचें आम्हांस कौतुक आहे. परंतु ती शाळेचें मोजमाप म्हणून वापरतां येईल काय, याचा विचार पुढें येईल.

आतां पटाकडे वळूं. सन १८८२ मध्यें विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालीं शिक्षण-कमिशन बसलें. त्या निमित्तानें या इलाख्यांतील १८८१-८२ सालच्या विद्यार्थ्यांची जात व धर्म यांप्रमाणें वांटणी प्रसिद्ध झाली. हायस्कुलांतील एकंदर सुमारें ४,९०० मुलांपैकीं ब्राह्मण १,९७८, पारशी ९६५, शेतकरी वर्गाचे १४०, इतर हिंदु जातींचे १,५७३, मुसलमान १०० व ख्रिस्ती १११ होते. म्हणजे ब्राह्मण व पारशी मिळून शेंकडा साठ झाले. इलाख्याच्या लोकसंख्येंत ब्राह्मण शेंकडा चार-पांच आणि पारशी तर अर्धाहि नव्हते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या आंकड्यांचें स्वरूप कळून येतें.

याहून बोधप्रद गोष्ट खालच्या पायरीशीं तुलना केली असतां दिसते. त्याच वर्षीं मिडल शाळांत ब्राह्मण ३,६३९, पारशी १,५२६, शेतकरी ६२४ आणि मुसलमान ६८७ होते. ब्राह्मणांचा हायस्कुलांतील पट मिडलच्या निम्म्याहून अधिक भरतो, पारशांचा त्याहूनहि चढ. शेतकऱ्यांचा चौथाईसुद्धां भरत नाहीं, आणि मुसलमानांचा तर सातवा हिस्सा. प्राथमिक शाळांत शेंकडा साडेबारा असलेले मुसलमान हायस्कुलांत शेंकडा दोनवर येतात. येथें एक सावधगिरी अवश्य आहे. हे एकाच सालचे दोन पट आहेत; एकाच तुकडीचीं मुलें वर्षानुवर्षें पुढें सरकतांना मोजलेलीं नाहींत. शिवाय ‘शेतकरी’ व ‘इतर जाती’ हे रकाने कारकुनानें आंखलेले. अमुक मुलगा कोणत्या रकान्यांत पडला हें मूळ रजिस्टर पाहिल्यावांचून निश्चित होत नाहीं. पोथीचा पाठ ठरवितांना मूळ प्रतीकडे जावें लागतें, तसेंच हें आहे.

तरीहि चाळणी होत होती, याविषयीं शंका राहत नाहीं. आणि ती मॅट्रिकच्या दारापर्यंत पोंचण्यापूर्वींच होत होती. निकाल मोजला जातो तो चाळणींतून उरलेल्यांचा. जी शाळा आपल्या पटावर घरचीं शिकलेलीं, फी देण्यास समर्थ अशींच मुलें घेते तिचा निकाल चांगला लागणें हें मास्तरांच्या कसबाइतकेंच पटाचेंहि फळ असतें. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कुलाची १८८२ सालीं हंटरसाहेबांनीं मुक्तकंठानें स्तुति केली व ती यथार्थ होती. पण अशा स्तुतीबरोबर पटहि छापला जावा, इतकेंच आमचें म्हणणें. त्याच वर्षीं आक्टोबरांत जोतीराव फुले यांनीं कमिशनापुढें निवेदन देऊन, सरकारचा वसूल रयतेच्या श्रमांतून येतो व शिक्षणाचा खर्च मात्र वरच्या वर्गांवर होतो, अशी तक्रार मांडली होती. वरील आंकडे तिला पुष्टि देतात.

अस्पृश्य मानलेल्या जातींचा रकाना आम्हीं मुद्दाम मागें ठेवला. मिडल शाळांत सतरा, हायस्कुलांत सतरा, कॉलेजांत एकहि नाहीं. इतक्या लहान संख्यांवरून प्रमाण काढणें शास्त्रशुद्ध नव्हे. पण त्यांचें मौन पुरेसें बोलकें आहे. त्याची पूर्वपीठिका धारवाडास आहे. जून १८५६ मध्यें तेथील एका महार मुलानें सरकारी शाळेंत प्रवेश मागितला. एकासाठीं बाकीचे शाळा सोडून जातील या भयानें मुंबई सरकारनें तो दिला नाहीं. पुढें हिंदुस्थान सरकारनें नापसंति दर्शविली, आणि १८५८ सालीं विलायतेहून सरकारी शाळा सर्व वर्गांस खुल्या असल्याचा निर्वाळा आला. दार कागदावर उघडलें, त्यानंतर चोवीस वर्षांनीं पटावर सतरा नांवें दिसतात.

त्यापुढचा एक पुरावा साताऱ्यास आहे. तेथील सरकारी हायस्कुलांत, म्हणजे पुढें प्रतापसिंह हायस्कूल या नांवानें ओळखल्या गेलेल्या शाळेंत, ७ नोव्हेंबर १९०० रोजीं इंग्रजी पहिलींत एक मुलगा दाखल झाला. रजिस्टरांतील क्रमांक १९१४, नांव भिवा रामजी आंबेडकर. ही नोंद जपली गेली म्हणून आज ती सर्वांस ठाऊक आहे. तिच्या मागच्या-पुढच्या पानांवरील मुलांचें काय झालें, याची चौकशी कोणी करीत नाहीं. हाच मुलगा पुढें मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलांतून १९०७ सालीं मॅट्रिक झाला. गुण ७५० पैकीं २८२. केवळ टक्क्यांच्या वहींत ही नोंद सामान्य ठरते. आणि कृष्णराव अर्जुन केळुसकरांनीं मात्र या यशाबद्दल त्याच्या सत्कारसभेंत आपलें बुद्धचरित्र त्यास भेट दिलें.

येथें आमच्या विषयाचा प्रश्न येतो. या विद्यार्थ्यास संस्कृत घेण्याची इच्छा असूनहि तें घेऊं दिलें गेलें नाहीं व फारसी घ्यावी लागली, हें त्यांनीं स्वतः पुढें सांगितलें आहे. ज्या विषयाच्या वर्गांतच बसतां येत नाहीं त्याच्या शिष्यवृत्तीच्या यादींत नांव कोठून येणार? शंकरशेट शिष्यवृत्तीवरून शाळांची प्रतवारी लावणारांनीं ही बाजू कधीं हिशेबांत घेतल्याचें आम्हांस आढळलें नाहीं. देवभाषेचा अभिमान बाळगणाऱ्या आमच्यासारख्यांस हें लिहितांना संकोच वाटतो. परंतु इतिहासलेखनांत संकोचास स्थान नाहीं. पुढें १९२८ सालीं सायमन कमिशनपुढें निवेदन करतांना डॉ. आंबेडकरांनीं १८८१-८२ चेच तक्ते पुन्हां मांडले. ते आज सहज वाचावयास मिळतात याचें बरेंच श्रेय त्या निवेदनास आहे.

तक्त्यांचें काम मात्र येथें संपतें. सतरा मुलें कोणत्या गांवचीं, त्यांतलीं किती शेवटच्या वर्गापर्यंत टिकलीं, शेतकऱ्यांचीं मुलें कोणत्या इयत्तेंत गळलीं, याचें उत्तर छापील अहवालांत नाहीं. तें शाळांच्या मूळ वह्यांत आहे. म्हणून पोथ्यांच्या शोधार्थ गांवोगांव हिंडणाऱ्या आमच्या स्नेह्यांस विनंति अशी कीं, जुन्या हायस्कुलाच्या माळ्यावर वा रद्दीवाल्याच्या दुकानीं १९२० पूर्वींचें जनरल रजिस्टर दिसल्यास तें हातचें जाऊं देऊं नये. सबंध नक्कल करणें शक्य नसेल तर निदान सहा रकाने उतरून घ्यावे: प्रवेशाचा क्रमांक व तारीख, जात, बापाचा धंदा, दुसरी भाषा संस्कृत कीं फारसी, शाळा सोडतांना इयत्ता, आणि सोडण्याचें कारण. शेवटचा रकाना पुष्कळदां कोरा असतो; तो कोरा असल्याचेंहि नमूद करावें. शाई फिकी झाली असल्यास पान उन्हांत धरूं नये, आणि फाटलेल्या कडा खळीनें चिकटवूं नयेत, कारण खळीला कसर आधीं लागते.