भुताचं गाणं आणि बाईचं नाव

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या कुंभार पिंपळगावच्या घरी पोरांनी भुताचा सिनेमा लावला. भीती वाटली की पोरं डोळे झाकायची. मी म्हटलं, "डोळे नका झाकू, कान झाका!" कारण भूत दिसायच्या आधी ऐकू येतं. भीती असते ती संगीतात.

त्यावरून १९४९ चा 'महल' आठवला. बॉम्बे टॉकीजचा हा सिनेमा कमाल अमरोहींनी केला. ओस पडलेला महाल, झोक्यावरची मधुबाला आणि खेमचंद प्रकाश यांचं संगीत. त्यातलं 'आएगा आनेवाला' गायलं लता मंगेशकर यांनी. तेव्हा त्यांचं वय विशीच्या आसपास. आवाज दुरून जवळ येतोय असं वाटायला हवं होतं, पण आजच्यासारखी यंत्रं नव्हती. म्हणून लताबाई माईकपासून लांब उभ्या राहिल्या आणि गात गात पुढं आल्या. एवढ्यानंच अंगावर काटा उभा राहिला.

गाणं गाजलं, पण तबकडीवर गाणारीचं नाव होतं 'कामिनी'. म्हणजे सिनेमातल्या पात्राचं! तेव्हा रीतच तशी होती. ऐकणाऱ्यांनी रेडिओला पत्रं धाडली, "ही गाते कोण?" मग कंपनीकडून नाव मिळवून रेडिओवर सांगावं लागलं.

पुढं फिल्मफेअरच्या पुरस्कारांत गाणाऱ्यांना जागाच नव्हती. संगीतकाराला मान आणि गाणाऱ्याला नाही, हे लताबाईंना पटलं नाही. त्या अडून बसल्या. १९५९ पासून गायनाचा पुरस्कार सुरू झाला आणि पहिला त्यांनाच मिळाला, 'मधुमती'साठी. १९६३ मध्ये पुन्हा मिळाला, 'बीस साल बाद'साठी. गंमत बघा, हे दोन्ही सिनेमेही भुताखेतांच्या गोष्टीचेच!

आता आपलं बघू. आमच्या गटातली एक वहिनी शेवया करते. पहाटे उठून रवा भिजवणारी, वाळवणाची राखण करणारी ती. पण बाजारात गिऱ्हाईक विचारायचं ते तिच्या नवऱ्याच्या नावानं. यंदा आम्ही पुड्यावर तिचं नाव छापलं. पहिला पुडा हातात घेऊन ती बराच वेळ नुसती बघत बसली.

मैत्रिणींनो, तुमच्या मालावर कुणाचं नाव आहे? गटाच्या पुढच्या बैठकीत एवढा एक प्रश्न विचारा. भुताच्या तोंडून गाणाऱ्या बाईलासुद्धा नाव मिळालं. आपण तर जित्याजागत्या आहोत.