दिनविशेष : ५ एप्रिल १७२२
डच दर्यावर्दी याकोब रोखेवेनच्या तीन जहाजांना या दिवशी पॅसिफिक महासागरात एक एकाकी बेट दिसले. ईस्टरचा रविवार म्हणून नाव पडले ईस्टर बेट. तिथल्या पॉलिनेशियन लोकांचे ते रापा नुई. पाच दिवसांनी डच किनाऱ्यावर उतरले आणि त्यांच्या गोळीबारात दहा-बारा बेटवासी ठार झाले. युरोपशी पहिली भेट ही अशी.

इथले सुमारे ९०० मोआई म्हणजे पूर्वजांचे पुतळे. बहुतेक रानो राराकू ज्वालामुखीच्या मऊ दगडात बेसॉल्टच्या हत्यारांनी कोरलेले. काही अजून खाणीतच पाठीने कातळाला चिकटून आहेत. चौथऱ्यांवर उभ्या केलेल्या बहुतेकांची पाठ समुद्राकडे, तोंड वस्तीकडे. डोळ्यांत पांढरे पोवळे बसवत.

झाडे तोडून बेटवासीयांनी स्वतःचा नाश ओढवला, ही कथा फार सांगितली जाते. पण खरा घाव पुढचा : १८६२-६३मध्ये पेरूच्या गुलाम-व्यापाऱ्यांनी शेकडो माणसे पळवली, परतलेल्या मोजक्यांबरोबर देवीची साथ आली. १८७७ साली उरले १११ जण. १८८८मध्ये चिलीने बेट ताब्यात घेतले. १८६८ साली ब्रिटिश जहाजाने नेलेला होआ हाकानानाइआ हा मोआई आजही लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तो परत द्या, ही बेटवासीयांची मागणी रास्तच आहे.